परक्या शेतातला सरवा

आमच्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसांना कलकत्त्याच्या रामबागान भागातील दत्त घराणे ठाऊक झाले ते रमेशचंद्र दत्तांमुळे. हिंदुस्थानचा विणकर कसा बुडाला, शेतसाऱ्याने कुणब्याची काय दशा केली, इथला पैसा कोणत्या वाटेने विलायतेस गेला, हे आकड्यांनिशी सांगणारा त्यांचा आर्थिक इतिहास १९०२ आणि १९०४ साली दोन भागांत प्रसिद्ध झाला. आमचे शिक्षण शाळेच्या इमारतीत थोडे आणि वाचनालयाच्या बाकावर अधिक झाले. त्या बाकावर हे दोन भाग आम्ही टिपणे काढीत वाचले. रमेशचंद्र १९०९ साली बडोद्यास दिवाणपदावर असताना वारले, म्हणून आपल्या बाजूच्या जुन्या माणसांना त्यांचे नाव परके नव्हते. पण त्याच घराण्यात त्यांच्याहून सात-आठ वर्षांनी धाकटी एक मुलगी होऊन गेली. तिने फ्रेंच कवींची इंग्रजीत भाषांतरे केली, स्वतः कविता लिहिल्या, आणि ३० ऑगस्ट १८७७ रोजी वयाच्या एकविसाव्या वर्षी ती क्षयाने गेली. तिचे नाव तोरू दत्त.

तिच्याविषयी जे लिहिले जाते ते बहुधा हळहळीच्या सुरात. अकाली गळलेली कळी, परक्या भाषेच्या कुंडीत लावलेले नाजूक रोप, अशा उपमा गेली दीडशे वर्षे चालू आहेत. आपल्याकडे डॉक्टर आनंदीबाई जोशींच्या वाट्यालाही हेच आले. त्या १८८७ साली पुण्यास वारल्या. वय तेच एकवीस, रोग तोच क्षय. दुःख खरे आहे, परंतु हळहळीत एक सोय असते. माणूस किती लवकर गेला हे म्हटले की त्याने काम काय केले हे पाहण्याचा त्रास वाचतो. आम्हांला श्रोत्यांपुढे ठेवायचे आहे ते तोरूचे काम. अठराव्या वर्षापासून एकविसाव्या वर्षापर्यंत, म्हणजे पुरत्या तीन वर्षांत, तिने काय केले आणि त्या कामाने तिचे काय केले, एवढाच आमचा विषय.

तिचा जन्म ४ मार्च १८५६ चा. त्याच साली मुंबईत कावसजी दावरांची पहिली कापडगिरणी सुरू झाली. आमच्या मनात ही दोन साले जवळजवळ राहतात याला कारण आमचा धंदा, दुसरे काही नाही. वडील गोविनचंद्र सरकारी नोकरीत, स्वतः इंग्रजीत कविता करणारे. आई क्षेत्रमणी. अब्जू हा भाऊ, अरू ही थोरली बहीण आणि तोरू शेंडेफळ. १८६२ साली या कुटुंबाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा परिणाम असा झाला की हिंदू नातेवाईक दुरावले आणि गोऱ्या लोकांच्या घरांत खरी जागा मिळाली नाही ती नाहीच. मुलींचे जग घर, बाग आणि वडिलांची पुस्तके एवढ्यापुरते राहिले. त्या जगातून त्या बालपणी बाहेर पडल्या त्या एकदाच, आणि तेही आपल्या मुंबईस! १८६३ साली सुमारे वर्षभर हे कुटुंब मुंबईत होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव आभाळाला भिडले होते आणि शेअरबाजाराच्या वेडाने शहर झपाटले होते, तो हा काळ. सात वर्षांच्या मुलीने त्यातले काय पाहिले असेल ते असो. १८६५ साली अब्जू गेला.

१८६९ साली गोविनचंद्र बायको व दोन्ही मुलींना घेऊन युरोपास गेले. मुलींना घेऊन समुद्र ओलांडणे ही त्या काळी बंगालातही सहज घडणारी गोष्ट नव्हती. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नीस म्हणून गाव आहे. तेथील मुलींच्या शाळेत दोघी काही महिने शिकल्या. तोरूची सगळी शाळा म्हणजे ही एवढी. पण तेवढ्यात फ्रेंच भाषा तिच्या हाडीमासी खिळली. पुढे पॅरिस थोडे दिवस, मग १८७० च्या वसंतात लंडन. त्याच वर्षीच्या जुलैत फ्रान्स व प्रशिया यांचे युद्ध पेटले. लंडनमध्ये बसून ही हिंदी मुलगी फ्रान्सच्या पराभवाने कासावीस होत होती. तिच्या रोजनिशीत ते दुःख आहे आणि १८७० च्या फ्रान्सवर तिने कविताही लिहिली. तिच्या वयाच्या, तिच्या ऐपतीच्या मुलीला ब्रिटिश साम्राज्याचा दिमाख भुलवता, तर कोणास नवल वाटले नसते. हिला ओढ लागली ती हरलेल्या देशाची. नंतर दोन वर्षे केंब्रिज. तेथे स्त्रियांसाठी उच्च शिक्षणाची व्याख्याने होत, ती दोघी ऐकत. तेथेच मेरी मार्टिन या इंग्रज पाद्र्याच्या मुलीशी तोरूची मैत्री जुळली. १८७३ च्या सप्टेंबरात कुटुंब कलकत्त्यास परतले, आणि दहा महिन्यांत, २३ जुलै १८७४ रोजी, अरू क्षयाने गेली.

आता कामाकडे वळू.

अरू गेल्यानंतर पाच महिन्यांनी, डिसेंबर १८७४ मध्ये, 'बेंगॉल मॅगझिन' या मासिकात तोरूचा पहिला लेख आला. मासिकाचे संपादक लालबिहारी दे, बंगालच्या शेतकऱ्याच्या जीवनावर कादंबरी लिहिणारे. (इकडे त्याच वर्षी विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' सुरू झाली होती.) लेखाचा विषय लकाँत द लील हा फ्रेंच कवी. ही निवड नीट पाहण्यासारखी आहे. लकाँत द लील हा हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर जन्मलेला माणूस. त्याने शुनःशेपावर, वाल्मीकीच्या मृत्यूवर फ्रेंचमध्ये कविता लिहिल्या आहेत. म्हणजे ख्रिस्ती घरात वाढलेल्या आणि अजून संस्कृतचे अक्षरही न शिकलेल्या या बंगाली मुलीला आपली पुराणे भेटत होती ती एका फ्रेंच कवीच्या पुस्तकात. दुसरा लेख सूलारी या कवीवर. तो ल्याँ शहरचा, सरकारी कचेरीत कारकुनी करून सुनीते रचणारा. ल्याँ म्हणजे ते रेशीम विणकरांचे गाव, जिथे १८३१ आणि १८३४ साली विणकरांनी मजुरीसाठी उठाव केले. पण सूलारीच्या सुनीतांत त्या मागांचा खडखडाट शोधू जाल तर हाती काही लागणार नाही. १८७५ साली तिने फ्रेंच संसदेतील व्हिक्टर ह्यूगो आणि तिएर यांची भाषणे इंग्रजीत आणली. ह्यूगो हा लुई नेपोलियनच्या हुकूमशाहीला विरोध करून जवळजवळ एकोणीस वर्षे देशाबाहेर राहिलेला कवी, तर तिएर हा १८७१ साली पॅरिसच्या कम्यूनचे रक्त सांडणारा मुत्सद्दी. दोघांना एकाच फडताळात ठेवणे आमच्या जिवाला रुचत नाही. परंतु एकोणीस वर्षांची मुलगी कलकत्त्यातील वाचकांना, प्रतिनिधिसभा म्हणजे काय आणि तिथे माणसे सत्तेशी कशी बोलतात, हे दाखवीत होती. त्या वर्षी इथे अशी सभा कुठे होती?

१८७६ साली तिचे पुस्तक निघाले. त्याच्या नावाचा अर्थ 'फ्रेंच शेतांत वेचलेली पेंढी' असा होतो, पण त्यातल्या मूळ इंग्रजी शब्दाला आपल्या शेतकऱ्यांच्या बोलीत नेमका शब्द आहे : सरवा. पीक कापून नेल्यावर शेतात राहिलेली कणसे वेचायला गरीब बायका जातात, त्यांना मालक हाकलत नाही, आणि जे वेचले ते त्यांचे. भाषांतराला याहून प्रामाणिक नाव आमच्या तरी ऐकिवात नाही. कलकत्त्याच्या भवानीपुरातल्या साप्ताहिक संवाद छापखान्यात ते छापले गेले. पाने सुमारे दोनशे, कविता दीडशेच्या वर, प्रस्तावना नाही, मोठ्या माणसाचा अभिप्राय नाही. शेवटी मात्र टिपा आहेत, आणि त्या टिपांत ही मुलगी एकेका फ्रेंच कवीचे गुणदोष बेधडक सांगते. आठ कविता अरूने केलेल्या होत्या. त्यांखाली तोरूने बहिणीच्या नावाचे आद्याक्षर घातले.

भाषांतराच्या कामाबद्दल आम्ही दोन शब्द अधिकाराने बोलू शकतो. साहित्याचा अधिकार आमचा नव्हे. पण मालकाशी झालेले करार इंग्रजीत असतात, आणि ते कामगारांच्या सभेत मराठीत सांगण्यात आमची तीस वर्षे गेली आहेत. करारात 'शॅल' आहे की 'मे' आहे, एवढ्यावर चारशे घरांची दिवाळी ठरते. एका कारखान्यात 'कायम' या एका शब्दाच्या अर्थावरून आम्ही दीड वर्ष भांडलो. म्हणून जो माणूस एका भाषेतला शब्द दुसऱ्या भाषेत उचलून ठेवतो आणि ठेवण्यापूर्वी तो हातात घेऊन तोलतो, त्याच्याविषयी आम्हांला आदर आहे. तोरूचे काम त्याहून अवघड. तिला फ्रेंच ही परकी भाषा आणि इंग्रजी हीही परकीच. एका परक्याच्या शेतात वेचून दुसऱ्या परक्याच्या खळ्यावर नेऊन टाकायचे. तिच्या इंग्रजीत दोष नाहीत असे नाही. यमकासाठी वाक्य उलटेपालटे होते, जुनाट सर्वनामे डोकावतात, मध्येच एखादी ओळ लंगडते. पण कवितेचा जीव ती सहसा सांडत नाही. याची साक्ष खुद्द फ्रान्समधून आली : आंद्रे त्यूरिए या फ्रेंच कवीने पॅरिसच्या 'रव्ह्यू दे द्यू माँद' या प्रतिष्ठित पाक्षिकात १८७७ च्या फेब्रुवारीत पुस्तकाचे कौतुक केले.

इंग्लंडातली हकीकत प्रसिद्धच आहे. ऑगस्ट १८७६ मध्ये एडमंड गॉस हा समीक्षक 'एक्झॅमिनर' साप्ताहिकाच्या कचेरीत बसला होता. या दिवसांत परीक्षणाजोगे पुस्तक येत नाही म्हणून तो कुरकुरत होता, तोच टपालवाल्याने हिंदुस्थानी शिक्क्याचे एक मळकट पुडके आणून दिले. आतले पुस्तक दिसायला इतके गबाळे की ते केराच्या टोपलीतच जायचे. संपादक मिंटो यांनी ते गॉसच्या हातात कोंबले. त्याने नाखुशीने उघडले, ह्यूगोच्या एका प्रभातगीताचे भाषांतर वाचले आणि तो चकित झाला. त्याच्या परीक्षणाने तोरूचे नाव इंग्लंडात झाले. या गोष्टीतला गबाळेपणा सगळे रंगवून सांगतात, आणि भवानीपूरच्या त्या छापखान्यातल्या जुळाऱ्यांची कोणी आठवण काढीत नाही. शेकडो फ्रेंच नावे आणि दीडशेवर इंग्रजी कविता त्यांनी खिळा खिळा जुळवून उभ्या केल्या. आम्ही त्यांची आठवण काढून पुढे जातो. आणि दुसरी गोष्ट अशी, की गॉसला ज्या प्रभातगीताने जिंकले ते भाषांतर तोरूचे नव्हतेच. ते अरूचे. तेव्हा अरूला जाऊन दोन वर्षे झाली होती.

तोरूची मेरी मार्टिनला लिहिलेली पत्रे १९२१ साली हरिहर दास यांनी तिच्या चरित्रासह प्रसिद्ध केली. पत्रांत मांजरे आहेत, बाग आहे, घोडे आहेत, विलायतेहून मागवलेल्या पुस्तकांची वाट पाहणे आहे, खोकला आहे. आणि एक अशी गोष्ट आहे जी आम्हांला तिच्या साऱ्या कवितांइतकी मोलाची वाटते. तोरू पत्रात आपल्याच देशबांधवांचा उल्लेख 'नेटिव्ह' असा करी. घरात, मासिकांत, सरकारी कागदांत सगळीकडे तोच शब्द होता. मेरीने विचारले, तू आपल्या माणसांना असे का म्हणतेस? तोरूने उत्तर दिले की ही कानउघाडणी रास्त आहे आणि यापुढे तो शब्द ती वापरणार नाही. हजारो शब्द तोलणाऱ्या मुलीने आपल्या घरातला हा एक शब्द तोलला नव्हता. तोलला तेव्हा लगेच टाकला. हे १८७६ सालचे. त्याच वर्षी आग्र्याचा फुलर नावाचा गोरा वकील गाजला. त्याने आपल्या घोडेवाल्याला मारले, तो गरीब मेला, आणि न्यायाधीशाने फुलरला दंड केला तीस रुपये! व्हाइसरॉय लिटनलाही हा निकाल गिळवला नाही. त्या वर्षीच्या तोरूच्या पत्रांत इंग्रज न्यायाधीशांच्या लेखी हिंदी माणसाच्या जिवाची किंमत काय आहे याबद्दल कडवट उद्गार आहेत. बागमारीच्या बंगल्यात नोकरचाकरांत वाढलेल्या मुलीने एका मोतद्दाराच्या मरणाकडे मान वळवून पाहिले, याची नोंद आम्ही करून ठेवतो.

१८७५ च्या अखेरीस बाप-लेकींनी पंडित ठेवून संस्कृत शिकायला घेतले. तिचा बेत असा, की फ्रेंच शेतात वेचले तसा संस्कृत शेतातही सरवा वेचावा. विष्णुपुराणातली ध्रुवाची कथा आणि जडभरत व हरिणाची कथा तिने इंग्रजी पद्यात आणली. दुसरीकडे, प्राचीन भारतातील स्त्रियांवर क्लारिस बाडेर या फ्रेंच विदुषीने १८६४ साली लिहिलेले पुस्तक तिला सापडले. ते इंग्रजीत आणण्यासाठी तिने बाडेरबाईंची परवानगी मागितली, आणि त्यांनी ती आनंदाने दिली. ते काम झाले नाही. १८७७ च्या आरंभापासून ती अंथरुणालाच खिळत गेली आणि ऑगस्टअखेर सारे संपले.

तिच्या मागे कागद निघाले. एक अपुरी इंग्रजी कादंबरी 'बेंगॉल मॅगझिन'मध्ये १८७८ साली आली. एक पुरी फ्रेंच कादंबरीच निघाली. तिची चित्रे अरू काढणार होती. ती १८७९ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाली, प्रस्तावना त्याच क्लारिस बाडेर यांची. आणि १८८२ साली लंडनला गॉसच्या प्रस्तावनेसह हिंदुस्थानच्या जुन्या कथांवरील तिच्या कवितांचे पुस्तक निघाले. सावित्री, लक्ष्मण, ध्रुव, सिंधू म्हणजे आपला श्रावणबाळ, प्रल्हाद, सीता. इतकी वर्षे परक्या शेतात वेचण्याचा परिणाम काय झाला हे या पुस्तकात दिसते, म्हणून इथे आम्ही थोडे थांबणार आहोत.

एकलव्याची कथा त्यात आहे. तोरूने त्याला 'बट्टू' असे नाव दिले आहे. व्याधाचा पोर द्रोणाकडे जातो, राजपुत्र हसतात, गुरू नाकारतो. मग तो रानात जातो आणि रानच त्याला शिकवते. हा भाग ती फार मनापासून लिहिते; झाडे, हरिणे, एकांत. शाळेचे तोंड केवळ काही महिने पाहिलेल्या आणि पुढे घरच्या पुस्तकांवर वाढलेल्या मुलीला हा विद्यार्थी आपलासा वाटला असेल. पण शेवट आम्हांला पटत नाही. अंगठा घेऊन झाल्यावर द्रोण त्याला आशीर्वाद देतो, की स्वावलंबन, सत्य आणि विनय यांसाठी तुझे नाव जगात राहील. स्वावलंबन हा त्या काळच्या विलायतेतला परवलीचा शब्द. सॅम्युएल स्माइल्सचे त्याच नावाचे पुस्तक १८५९ पासून घरोघर होते. अंगठा गेला आणि प्रशस्तिपत्रक मिळाले! यंत्रात बोटे गेलेल्या कामगाराला निरोपसमारंभात शाल-नारळ देताना आम्ही पाहिले आहे, त्याची इथे आठवण होते. तोरूला त्या प्रशस्तिपत्रकाचा राग यायला हवा होता, तो आला नाही.

प्रल्हादाच्या कवितेत मात्र तो आला आहे. ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. भक्ताचे रक्षण करायला देव खांबातून प्रकट होतो, हिरण्यकशिपूचे पोट फाडतो, आणि कीर्तनकार आरती करतो. तोरू तिथे थांबत नाही. शेवटच्या कडव्यात ती एकदम सर्व देशांच्या, सर्व काळांच्या जुलमी राजांकडे वळते आणि त्यांना बजावते, की लोक माणसांसारखे सोसतात खरे, पण त्यांच्या अंगी सिंहाचे बळ आहे. साखळी रुतू लागली की राजाची धडगत नाही. नरसिंह म्हणजे लोक! हा अर्थ तिला कोणी दिला? पंडितजींनी नव्हे, पाद्र्यांनीही नव्हे. याच पुस्तकात एक सुनीत आहे, फ्रेंच क्रांतीच्या सैन्यावरील कादंबरी वाचून लिहिलेले : फाटक्या कपड्यांचे सैनिक मागे हटू लागतात, एक बाई पुढे होते, आणि वाचणाऱ्या तोरूची छाती धडधडते. ती धडधड घेऊन ती विष्णुपुराणाकडे गेली. ह्यूगोची भाषणे ज्या हाताने उतरवली तोच हात प्रल्हादाच्या गोष्टीवर फिरला. तिचे वय आणि ते साल ध्यानात घ्या. काँग्रेसचा जन्म व्हायला अजून आठ वर्षे होती. आणि आमच्या माहितीच्या मोठमोठ्या पुढाऱ्यांनी पुराणांत लोकशक्ती शोधायला सुरुवात केली ती फार पुढची गोष्ट.

काही लोक म्हणतात, दोन परक्या भाषांत रमलेली ही मुलगी ना इकडची ना तिकडची. त्यांनी पुस्तकातली 'सीता' वाचावी. कविता लहान आहे. अंधारलेल्या खोलीत तीन मुले आईपाशी बसली आहेत, आई सीतेच्या वनवासाची गोष्ट गाऊन सांगते आहे, आणि तिघांच्याही डोळ्यांना पाणी आले आहे. शेवटी कवयित्री विचारते, की ही मुले पुन्हा अशी आईजवळ कधी जमतील? तिने हे लिहिले तेव्हा तिघांतली एकटी तीच उरली होती. १८८२ साली लंडनहून ते पुस्तक छापून आले तेव्हा त्या घरात गोविनचंद्र आणि ती गोष्ट सांगणाऱ्या क्षेत्रमणी, अशी दोनच माणसे होती.